व्यवस्थापन व नेतृत्वातील नीतिशास्त्र

व्यवस्थापन व नेतृत्वातील नीतिशास्त्र ही उपयोजित नीतिशास्त्राची एक शाखा होय. कारखाना, रुग्णालय, सहकारी संस्था, शाळा, शासकीय कार्यालय अशा संघटित कामाच्या ठिकाणी घेतले जाणारे निर्णय कोणत्या कसोटीवर योग्य वा अयोग्य ठरवावेत, आणि अनेकांच्या हातून घडणाऱ्या कामाची जबाबदारी नेमकी कोणाच्या शिरावर येते, या दोन प्रश्नांचा विचार ही शाखा करते. पहिला प्रश्न तत्त्वज्ञानात जुना आहे. दुसरा तुलनेने नवा असून तो मोठ्या संघटनांच्या उदयाबरोबर पुढे आला आणि व्यवहारात तोच अधिक कठीण ठरतो.

नीती आणि कायदा या दोन गोष्टी एक नव्हेत. कायदा किमान मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेच्या आतही अन्याय्य वर्तनाला पुष्कळ जागा उरते. धान खरेदी केंद्राचे उदाहरण घेतल्यास, कोणाचे धान आधी काट्यावर चढवायचे, बारदाना संपत आला असता उरलेली पोती कोणाला द्यायची, ओलाव्याची तपासणी सर्वांची सारख्याच काटेकोरपणे करायची की ओळखीच्यांना सूट द्यायची, हे निर्णय केंद्रचालक दिवसातून अनेकदा घेतो. त्यांपैकी थोडेच निर्णय न्यायालयापर्यंत पोहोचू शकतात. शेतकऱ्याच्या हंगामाचे बरेवाईट मात्र त्यांवरच अवलंबून असते.

संज्ञा

‘नीती’ आणि ‘नेता’ हे दोन्ही शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या संस्कृत धातूपासून आले आहेत. नय, विनय, नायक हे शब्दही त्याच कुळातले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता नेतृत्वाचे नीतिशास्त्र ही संज्ञा काहीशी पुनरुक्तीची वाटते. व्यवहारात या दोन शब्दांची फारकत झाल्यामुळेच ती वापरावी लागते. मराठीत ‘नीती’चे दोन अर्थ रूढ आहेत: एक सदाचार आणि दुसरा राजनीती, युद्धनीती यांतील डावपेच. व्यवस्थापनविषयक लेखनात ‘विक्रीनीती’सारख्या शब्दांत दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. प्रस्तुत शाखेचा संबंध पहिल्या अर्थाशी आहे.

मराठी परंपरेतील विचार

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ हा मराठीतील राज्यव्यवहारावरील महत्त्वाचा ग्रंथ. त्यातील आरमाराविषयीच्या भागात जहाजबांधणीसाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने वर्षानुवर्षे जपलेली असतात. ती बळाने तोडू नयेत, एखादे जीर्ण झाड घ्यावयाचे झाल्यास धन्याला राजी करून व द्रव्य देऊनच घ्यावे, असा त्याचा आशय आहे. राज्याची निकड कितीही मोठी असली तरी ज्याचे नुकसान होणार त्याची संमती आणि भरपाई टाळता येत नाही, हे तत्त्व येथे प्रशासकीय सूचनेच्या रूपात आले आहे. भूसंपादनाच्या आजच्या वादांत हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडला जातो.

लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन आदी पाश्चात्त्य विचारवंतांच्या नीतिमीमांसेचे विस्तृत परीक्षण आहे. पुष्कळांचे पुष्कळ हित ही कसोटी अपुरी का पडते हे दाखविताना टिळकांनी दिलेला एक दाखला व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाडी सुरू व्हावयाची होती; अधिकाऱ्यांची परवानगी मिळण्यास विलंब होत होता. व्यवस्थापकाने लाच देऊन परवानगी मिळविली. ट्राम झाली, सर्व शहराची सोय झाली. पुढे प्रकरण उघडकीस येऊन त्याच्यावर खटला चालला. पहिल्या ज्यूरीत एकमत झाले नाही, दुसऱ्या ज्यूरीने त्याला दोषी ठरविले. केवळ बाह्य परिणाम मोजणारी कसोटी या ठिकाणी निकामी ठरते, कारण परिणाम तर चांगलाच झाला होता. निर्णयासाठी कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा टिळकांचा निष्कर्ष आहे. व्यवस्थापन महाविद्यालयांत आज ज्याला प्रकरण-अभ्यास म्हणतात त्याचा हा मराठीतील एक लवकरचा आणि उत्तम नमुना मानण्यास हरकत नाही.

उद्योगक्षेत्रात विदर्भापुरते बोलायचे झाल्यास नागपूरच्या एम्प्रेस मिलचा उल्लेख आवश्यक ठरतो. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्याची व्यवस्था सुरू झाली. कामगार नुकसानभरपाईचा कायदा भारतात १९२३ साली आला. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस होता; तोही कायद्याच्या पुष्कळ आधी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालदारीचे काम दिले होते, हेही सर्वज्ञात आहे. अशा उदाहरणांवर एक आक्षेप घेतला जातो: ही मालकाची कृपा होती, कामगाराचा हक्क नव्हे; कृपा करणारा गेला की ती संपते. महात्मा गांधींच्या विश्वस्तवृत्तीच्या सिद्धांतावरही हाच आक्षेप आहे. धनिकाने आपली संपत्ती समाजाची ठेव समजून वापरावी, असे तो सिद्धांत सांगतो. तशी ती न वापरल्यास काय, याचे उत्तर त्यात क्षीण आहे.

प्रमुख सिद्धांत व त्यांचे उपयोजन

फलवाद. कृतीची योग्यता तिच्या परिणामांवरून ठरवावी, हे मत जेरेमी बेंथम व जॉन स्टुअर्ट मिल यांच्या नावाशी जोडलेले आहे. नियोजनात वापरली जाणारी लाभ-व्यय गणिते याच विचाराची अपत्ये होत. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेला गोसीखुर्द प्रकल्प हे त्याचे जवळचे उदाहरण. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. मूळ अंदाजित खर्च सुमारे ३७२ कोटी रुपये होता आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर या जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर क्षेत्राला सिंचन मिळणे अपेक्षित होते. पुढे खर्च अनेक पटींनी वाढला आणि प्रकल्पग्रस्तांचा पुनर्वसनाचा लढा काही दशके चालला. फलवादी गणितातील दोन दोष येथे स्पष्ट दिसतात. लाभ ज्यांना मिळतो आणि किंमत जे मोजतात, ते लोक एकच नसतात. बेरजेत हा भेद पुसला जातो. दुसरे असे की, काही किमती गणितात धरल्याच जात नाहीत. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे वैनगंगेत येते आणि धरणामुळे थांबलेल्या पाण्यात साचते. याचा त्रास नदीकाठच्या भंडारेकरांना होतो. तो ज्या शहराच्या सांडपाण्यामुळे होतो, त्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद नसते.

कर्तव्यवाद. इमॅन्युएल कांट यांच्या मते माणसाला केवळ साधन म्हणून वापरणे हेच अनैतिक होय, परिणाम काहीही असोत. अविभाजित भंडारा जिल्ह्यातील बिडी उद्योगाचा इतिहास या मताच्या साहाय्याने नीट समजतो. कारखानदार तेंदूपत्ता व तंबाखू सट्टेदाराकडे देई, सट्टेदार तो घरोघर वाटे आणि वळलेल्या बिड्या मोजून घेई. मोजताना सदोष म्हणून काही बिड्या ‘छाट’ ठरत. त्यांची मजुरी बुडे. वळणारी बाई कोणाची कामगार, हा प्रश्न विचारला की कारखानदार सट्टेदाराकडे बोट दाखवी. कायद्यातही हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. १९५८ मध्ये चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे कारखान्याचे कामगार नव्हेत, तर स्वतंत्र कंत्राटदार आहेत असे ठरविले. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगाराच्या व्याख्येत आणले आणि १९७४ मध्ये मंगलोर गणेश बिडी वर्क्स खटल्यात तो कायदा वैध ठरला. मध्यस्थ नेमल्याने नैतिक नाते तुटत नाही, ही गोष्ट कायद्याला मान्य व्हायला असा वेळ लागला. आजच्या कंत्राटी भरतीच्या संदर्भात हा इतिहास जुना झालेला नाही.

सद्गुणवाद. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला हा विचार कृतीऐवजी कर्त्याकडे पाहतो. चांगला मुख्याध्यापक वा चांगला अध्यक्ष कसा असतो, असा तो प्रश्न विचारतो. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांची परिवर्तनकारी नेतृत्वाची (१९७८) आणि रॉबर्ट ग्रीनलीफ यांची सेवक-नेतृत्वाची (१९७०) कल्पना याच धाटणीची होय. तिचे आकर्षण मोठे आहे. तथापि चांगल्या माणसाच्या हाताखालीही वाईट व्यवस्था चालू शकते, हे ती पुरेसे लक्षात घेत नाही.

हितसंबंधीयांचा सिद्धांत. कायद्याच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये मांडले. त्याविरुद्ध आर. एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ मध्ये कामगार, ग्राहक, पुरवठादार व परिसरातील रहिवासी या सर्वांचे हितसंबंध जपणे हे व्यवस्थापनाचे काम आहे, असे प्रतिपादन केले. भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी, असे बंधन घातले. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मॅंगनीज खाणी चालविणारी मॉइल ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी या तरतुदीच्या कक्षेत येते. मात्र नफा मिळविल्यानंतर त्यातून काय द्यावे, एवढेच ही तरतूद सांगते. नफा कोणत्या रीतीने मिळविला, हा नीतिशास्त्राचा मुख्य प्रश्न तिच्या बाहेर राहतो. खाणीलगतच्या कोणत्याही गावाला धूळ आणि सुरुंगाचे हादरे सोसावे लागतात. शाळेला खोल्या बांधून दिल्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

जॉन रॉल्स यांचा न्यायसिद्धांत (१९७१) आणि कॅरल गिलिगन यांच्या लेखनातून (१९८२) पुढे आलेले काळजीचे नीतिशास्त्र यांचाही या शाखेवर प्रभाव आहे. गिलिगन यांचा विचार रुग्णालये व शाळा यांच्या व्यवस्थापनाला विशेष लागू पडतो, कारण तेथे दुर्बलाची निगा राखणे हेच मुख्य काम असते.

भंडारा जिल्हा रुग्णालयातील आग व जबाबदारीचा प्रश्न

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागात आग लागली. त्या वेळी विभागात १७ बालके होती. ७ बालकांना वाचविण्यात यश आले. १० बालके दगावली. त्यांपैकी ३ भाजल्यामुळे आणि ७ धुराने गुदमरून गेली. दगावलेली बालके बाहेरून दाखल झालेल्या बालकांच्या कक्षातील, तर वाचलेली रुग्णालयातच जन्मलेल्या बालकांच्या कक्षातील होती. विद्युत उपकरणातील बिघाड हे आगीचे कारण सांगण्यात आले. राज्य शासनाने चौकशी समिती नेमली आणि २१ जानेवारी रोजी कारवाई जाहीर केली: जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींचे निलंबन, काहींची बदली आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवासमाप्ती. पुढे फेब्रुवारीत दोन परिचारिकांविरुद्ध पोलिसांनी गुन्हा नोंदविला; परिचारिकांच्या संघटनांनी त्याचा निषेध केला.

संघटनात्मक नीतिशास्त्राचा मूळ प्रश्न या घटनेत संपूर्णपणे उभा राहतो. अमेरिकन अभ्यासक डेनिस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये त्याला ‘अनेक हातांचा प्रश्न’ असे म्हटले. उपकरण खरेदी करणारा एक, बसविणारा दुसरा, देखभालीचा करार पाहणारा तिसरा, इमारतीच्या विद्युत जोडणीची जबाबदारी चौथ्या खात्याकडे, अग्निसुरक्षेसाठी निधी मंजूर करणारे कार्यालय मुंबईत आणि रात्रपाळीत प्रत्यक्ष हजर असणारी परिचारिका भंडाऱ्यात. प्रत्येकाचा वाटा लहान असल्याने प्रत्येकाला स्वतःला निर्दोष मानता येते. परिणाम मात्र दहा कुटुंबांच्या वाट्याला संपूर्णपणे येतो.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये सक्रिय चूक आणि सुप्त दोष असा भेद केला. सक्रिय चूक प्रसंगी हजर असलेल्या माणसाकडून होते व ती लगेच दिसते. सुप्त दोष वर्षानुवर्षे व्यवस्थेत दडून राहतात: अपुरा कर्मचारीवर्ग, धूरसूचक यंत्रणेचा अभाव, बाहेर पडण्याचा एकच मार्ग, न झालेली तपासणी. ते वरिष्ठ पातळीवरच्या निर्णयांतून, किंवा अधिक अचूकपणे सांगायचे तर निर्णय न घेण्यातून, निर्माण होतात. दोष वाटताना चौकशी यंत्रणा सक्रिय चुकीकडे झुकते, कारण तिचा पुरावा हाताशी असतो. भंडाऱ्याच्या प्रकरणात रात्रपाळीतील कर्मचाऱ्यांच्या अनुपस्थितीचा मुद्दा ज्या बारकाईने चर्चिला गेला, त्या बारकाईने निधीच्या विलंबाचा मुद्दा चर्चिला गेल्याचे दिसत नाही.

शिक्षेच्या श्रेणीकडेही लक्ष देण्याजोगे आहे. निलंबित अधिकारी कालांतराने पुनःस्थापित होऊ शकतो, बदली झालेला दुसरीकडे रुजू होतो, कंत्राटी कर्मचाऱ्याची नोकरी मात्र कायमची जाते. म्हणजे शिक्षेची तीव्रता त्या व्यक्तीच्या हाती परिस्थितीचे किती नियंत्रण होते यावर न ठरता तिच्या नेमणुकीच्या प्रकारावर ठरते. कर्तव्यवाद आणि न्यायसिद्धांत या दोन्ही दृष्टींनी हे सदोष आहे. याचा अर्थ कनिष्ठ कर्मचाऱ्याची कोणतीच जबाबदारी नसते असा नव्हे. अनवधानाने झालेली चूक, सवयीने घेतलेला धोका आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई यांत फरक करून त्यानुसार वागावे, असे सुरक्षाशास्त्रातील ‘न्याय्य संस्कृती’ची कल्पना सांगते. असा फरक केला नाही तर कर्मचारी लहान चुका लपवू लागतात आणि मोठ्या अपघाताची पूर्वसूचना कोणाला मिळत नाही.

कायद्याची उणीव होती असे म्हणता येत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये इमारतीतील अग्निशमन व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, देणे आवश्यक आहे. घटनेनंतर शासनाने राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईतील भांडुप, एप्रिलमध्ये विरार आणि ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालय येथे आगी लागून रुग्णांचे बळी गेले. आदेश निघणे आणि काम होणे यांमधील अंतर भरून काढणे हेच नेतृत्वाचे काम असते. तपासणी अहवालातील त्रुटींसाठी पैसा, माणूस आणि मुदत ठरवून दिली नाही, तर अहवाल हा पुढील चौकशीतील एक कागद होऊन बसतो.

२४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगर येथील आयुध निर्माणीत झालेल्या स्फोटात ८ कर्मचारी मृत्युमुखी पडले. उद्योगाचे स्वरूप सर्वस्वी भिन्न असले तरी धोका कोणी पत्करायचा आणि तो किती आहे हे त्याला कोणी सांगायचे, हा प्रश्न तेथेही तोच आहे.

सामुदायिक नेतृत्व: मालगुजारी तलाव

संघटना म्हणजे कार्यालय असेच नव्हे. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजवटीत, विशेषतः कोहळी समाजाच्या पुढाकाराने, येथे शेकडो तलाव व बोड्या बांधल्या गेल्या. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात असल्याने त्यांना मालगुजारी किंवा मामा तलाव म्हणतात. पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे, पाणीवाटप यांचे नियम गावाने ठरविलेले असत आणि पाणी सोडण्याचे काम पाणकराकडे असे. मध्य प्रांताच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. कालांतराने लहान तलाव जिल्हा परिषदेकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. देखभाल मंदावली, तलाव गाळाने भरले.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात सामायिक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात हे दाखविले. त्यांना २००९ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मामा तलाव त्यांच्या मताला पुष्टी देतात. तथापि जुन्या व्यवस्थेचे चित्र फार गोड रंगविणेही बरोबर नाही. मालगुजार हा सत्ताधारी होता, त्याच्या शब्दापुढे गावाचे चालत नसे आणि तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला पाण्याच्या निर्णयात फारसे स्थान नव्हते. मालगुजारी गेल्याने अन्यायाचे एक कारण गेले, पण त्याबरोबर पाळ फुटल्यास उत्तर द्यायला बांधलेला माणूसही गेला. आज मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीसाठी पाणी हवे असते, धानाला शेवटच्या पाळीसाठी तेच पाणी लागते आणि तलावाच्या पोटातील जमिनीवर अतिक्रमणे झालेली असतात. या तिघांची तडजोड कोणी घडवून आणायची, हे अनेक गावांत ठरलेले नाही.

टीका

या शाखेवर मुख्यतः दोन बाजूंनी टीका होते. एक म्हणजे आचारसंहिता, शपथा, फलक यांतच ती अडकते आणि संस्थेची प्रतिमा उजळण्याचे साधन बनते. दुसरी टीका अधिक गंभीर आहे: सिद्धांत परस्परविरोधी उत्तरे देतात, तेव्हा व्यवस्थापक आपल्याला सोयीचा सिद्धांत निवडतो. यावर असे उत्तर दिले जाते की, सिद्धांतांचा उपयोग निर्णयाचे समर्थन करण्यापेक्षा त्यातील दडलेली बाजू उघडी पाडण्यासाठी अधिक होतो. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला. पण तो अमलात आणला गेलेला नाही, ही वस्तुस्थिती पहिल्या टीकेला बळ देते.

अध्यापन

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या अभ्यासक्रमांत व्यवसाय नीतिशास्त्र हा विषय शिकविला जातो. संघ लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नागरी सेवा मुख्य परीक्षेत नीतिशास्त्र, सचोटी व अभिवृत्ती या विषयाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली आहे. तिच्या दुसऱ्या भागात प्रशासकीय प्रसंग देऊन उमेदवाराला आपण काय कराल व का, असे विचारले जाते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवा मुख्य परीक्षेच्या नव्या वर्णनात्मक स्वरूपात या विषयाचा समावेश केला आहे. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पारिभाषिक संज्ञांची अडचण जाणवते. एकाच संकल्पनेसाठी फलवाद, परिणामवाद, उपयुक्ततावाद असे शब्द वापरलेले आढळतात. काटेकोरपणे पाहता उपयुक्ततावाद हा फलवादाचा एक प्रकार होय.